देवाचे देणे : एका धातूची दोन घरे

‘देवाचे देणे’ हे दोन शब्द आपण नित्य उच्चारतो. परंतु त्यांचा अर्थ कोणी विचारला तर उत्तर देणारा क्षणभर थबकतो. एखाद्याचा गळा गोड असला की आपण म्हणतो, हे देवाचे देणे आहे. तेथे देणारा देव आणि घेणारा माणूस. उलट, सावकाराचे देणे म्हटले म्हणजे देणारे आपण आणि घेणारा सावकार. मग बोललेला नवस वर्ष उलटले तरी फेडावयाचा राहिला, तर घरातील वृद्ध माणसे जे म्हणतात, की देवाचे देणे राहिले आहे, त्यात देणारा कोण? तेथे देणारे आपण आणि घेणारा देव. शब्द तेच, विभक्ती तीच. अर्थाचा ओघ मात्र नेमका उलटा. एका बाजूने पाहिले तर ती देणगी, दुसऱ्या बाजूने पाहिले तर ते कर्ज.

या शब्दाचा विचार आमच्या मनात आला तो एका साध्या प्रसंगाने. पेडणे महालातील कोरगावचा एक तरुण एका इटालियन जहाजावर नोकरीस असतो. गेल्या वेळी सुटीवर आला असता त्याने आपला इटालियन भाषेचा कोश आम्हांस दाखविला. त्यात ‘दारे’ या क्रियापदाला कित्येक रकाने दिलेले होते. दारे म्हणजे देणे. (वाचकांनी दरवाजे समजू नयेत.) तो म्हणाला, “गुरुजी, ही भाषा शिकताना इतर सगळ्या क्रियापदांनी मला छळले, पण हे एक आपल्या घरचेच वाटले. मनात मराठीत किंवा कोंकणीत बोलावे आणि तोंडाने दारे म्हणावे, दहापैकी सहा वेळा बरोबर येते. असे कसे?” त्या वेळी आम्ही त्याला अर्धेच उत्तर दिले. श्री कमळेश्वराच्या गावातील त्या तरुणाचे राहिलेले उत्तर येथे पुरे करीत आहोत. तेही एक देणेच आहे.

गोव्यात उमजलेले नाते

इटालियन आणि आपल्या भाषा यांचे रक्ताचे नाते आहे, ही गोष्ट युरोपीय माणसाच्या प्रथम लक्षात आली ती ज्या थोड्या ठिकाणी, त्यांत आपला गोवा अग्रभागी आहे. फिलिप्पो सास्सेत्ती नावाचा फ्लोरेन्स नगरीचा एक विद्याव्यासंगी व्यापारी १५८३ साली लिस्बनहून निघून कोचीनला आला. मिऱ्यांचा व्यापार पाहता पाहता त्याने येथील वनस्पती, औषधी, रीतिरिवाज यांची चौकशी केली आणि संस्कृत भाषेविषयीही माहिती मिळविली. १५८५-८६ च्या सुमारास मायदेशी धाडलेल्या पत्रात त्याने लिहिले, की या भाषेतील पुष्कळ शब्द आपल्या शब्दांसारखे आहेत. विशेषतः सहा, सात, आठ, नऊ हे अंक, तसेच देव आणि सर्प हे शब्द. इटालियनमध्ये सात म्हणजे सेत्ते, आठ म्हणजे ओत्तो, नऊ म्हणजे नोवे, देव म्हणजे दिओ आणि सर्प म्हणजे सेर्पे. हा सास्सेत्ती १५८८ साली गोव्यातच वारला.

त्याच दशकात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १५८३ साली गोव्याहून आपल्या भावास लिहिलेल्या पत्रात येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांसारखी असल्याचे नमूद केले. हेच पुढे १६१६ साली राचोल येथे छापलेल्या मराठी ‘क्रिस्तपुराणा’चे कर्ते; त्यांचे कोंकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. मराठी आणि कोंकणी या दोन्ही भाषांस एकाच लेखणीची सेवा घडली, ही गोष्ट आमच्यासारख्या द्विभाषिक मासिकाच्या वाचकांस सांगण्याजोगी आहे. त्यानंतर दोनशे वर्षांनी, १७८६ साली, कलकत्त्यास सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा कोणत्या तरी एका मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात, असे जाहीर रीतीने प्रतिपादिले, तेव्हा या विचारास शास्त्राची प्रतिष्ठा मिळाली.

येथे एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. ज्या काळात सास्सेत्ती दिओ आणि देव या शब्दांचे साम्य टिपून ठेवीत होता, त्याच्या अवघी वीस वर्षे आधी, १५६६-६७ मध्ये, साष्टीतील देवळे पाडली गेली होती आणि तेथील दैवते नदीपलीकडे नेण्यात आली होती. शब्दांचे नाते ओळखणारा समाज आणि देवळे पाडणारी सत्ता एकाच काळी एकाच भूमीवर वावरत होती. पेडणे त्या वेळी पोर्तुगीज राज्यात नव्हते. ते पुढे सावंतवाडीकर भोसल्यांकडे होते आणि त्यांच्याकडून १७८८ साली पोर्तुगिजांकडे गेले. तोवर नव्या काबिजादीतील प्रजेच्या देवधर्मास हात न लावण्याचे धोरण आले होते. म्हणून कोरगाव, मांद्रे, हरमल, पेडणे या बाजूस ग्रामदैवताचे स्थान मोडले नाही आणि देवापुढील बोलण्याची जुनी रीतही मोडली नाही. पुढे येणाऱ्या विवेचनास याच जुन्या बोलण्याचा आधार आहे.

‘दा’ धातूचा परिवार

सास्सेत्तीच्या यादीत नसलेला, परंतु तितकाच स्पष्ट असा पुरावा म्हणजे आपला ‘दा’ धातू. संस्कृतात ददामि, ग्रीकमध्ये दिदोमि, लॅटिनमध्ये दो. सर्वांचा अर्थ ‘मी देतो’. संस्कृत आणि ग्रीक रूपांत धातूच्या पहिल्या अक्षराची द्विरुक्ती आहे. लॅटिनने वर्तमानकाळात ती टाकली. पण भूतकाळात ‘देदी’ (मी दिले) या रूपात ती राखली. तेच रूप इटालियनमध्ये ‘दिएदी’ असे आजही बोलले जाते. आपल्याकडे प्राकृतातील ‘देइ’ या रूपावरून मराठीचे देणे आणि कोंकणीचे दिवप झाले. मराठी माणूस ‘जाऊ दे’ म्हणतो, कोंकणी माणूस ‘वचूं दी’ म्हणतो. दोघांच्याही जिभेवर तोच धातू आहे. मराठी आणि कोंकणी यांची थोरवी तोलत बसणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की या धातूच्या घरी दोघी सख्ख्या बहिणी आहेत आणि इटालियन ही दूरची चुलतबहीण आहे.

या धातूचा परिवार पाहिला म्हणजे मन थक्क होते. व्याकरणात ज्यास काही द्यावयाचे त्या कारकाला पाणिनीने संप्रदान हे नाव दिले. रोमन वैयाकरणांनीही त्याच विभक्तीला देण्यावरूनच ‘दातिवुस’ म्हटले. एकमेकांचे ग्रंथ न वाचता दोघांनी एकाच क्रियेवरून नाव ठेवले. आपल्याकडे देवदत्त हे नाव आहे, तर इटलीत देओदातो. अर्थ अक्षरशः एक. अत्रिऋषींना देवाने स्वतःलाच दिले म्हणून तो दत्त. मूल दत्तक देणे हा आपला शब्दप्रयोग इटालियनमध्येही त्याच क्रियापदाने होतो. रोमन लोक पत्राच्या शेवटी, हे पत्र अमुक गावी अमुक दिवशी ‘दिले’, असे लिहीत. त्या ‘दाता’ शब्दाचा अर्थच पुढे इटालियन आणि पोर्तुगीज भाषांत तारीख असा झाला.

या परिवारातील एक पाहुणा तर आपल्या माडांवर चढून बसला आहे. लॅटिनमध्ये ‘परत देणे’ याला रेद्देरे म्हणत. त्यावरून इटालियन रेंदेरे आणि पोर्तुगीज रेंदा, म्हणजे खंड, मक्त्याचे उत्पन्न. तो खंड भरणारा तो रेंदेइरो. त्याचाच आपल्या बोलीत रेंदेर झाला. माडाची सूर काढणाऱ्या रेंदेराला आपण नित्य हाक मारतो. परंतु त्या हाकेत ‘दा’ धातूच रोमची वाट चालून परत गोव्यात आला आहे, हे कोणाच्या ध्यानी येते?

दोन भाषांचे वळण

आता त्या तरुणाचा मूळ प्रश्न. दहापैकी सहा वेळा बरोबर का येते? कारण देण्याची कल्पना हातातील वस्तूपुरती थांबत नाही. इटालियन माणूस अडल्याला ‘एक हात देतो’, आपणही हात देतो. तो ऐकणे देतो, आपण कान देतो. तो उपद्रव देतो, आपण त्रास देतो. झाड दोन्ही भाषांत फळे देते. तहानेल्याला दोन्हीकडे ‘प्यायला देतात’. आणि परीक्षा! विद्यार्थी इटलीत परीक्षा देतो आणि गोव्यातही परीक्षा देतो. इंग्रजीत मात्र तो ती घेतो. आमच्या मते येथे इंग्रजीपेक्षा आपलीच दृष्टी खरी आहे. परीक्षेत विद्यार्थ्याला देण्याचेच काम असते.

जेथे वाटा फुटतात तेथेही शिकण्यासारखे आहे. इटालियनमध्ये मूल जन्मास घालणे म्हणजे त्याला ‘उजेडाला देणे’. आपणही जन्म देणे म्हणतो. पण उजेडाचा उल्लेख करीत नाही. खिडकी रस्त्याकडे उघडत असेल तर ती इटालियनमध्ये रस्त्यावर ‘देते’. एखाद्यास एकेरी हाक मारणे म्हणजे त्यास ‘तूचे देणे’. आपण मात्र अरेतुरे करतो. ‘कदाचित’ या अर्थी ते जे म्हणतात त्याचा शब्दार्थ ‘स्वतःला देऊ शकेल’ असा होतो. एखादा माणूस असंबद्ध बडबडू लागला, की ते म्हणतात, हा ‘आकडे देतो’. आपल्याकडे आकडे देणाऱ्यांचा धंदा निराळा. बडबड मात्र तेथेही असतेच.

एक भेद विशेष मनन करण्याजोगा आहे. इटालियनमध्ये घराला ‘आग देणे’ म्हणजे ते पेटविणे. त्यात दुष्टपणा असला तरी क्रियापद तेच. मराठीने येथे दोन शब्द अलग ठेवले. वैऱ्याच्या घराला आग लावतात. बापाच्या चितेला अग्नी देतात. ‘लावणे’ आणि ‘देणे’ यांत जे अंतर आहे ते पाप आणि संस्कार यांचे अंतर आहे. मराठीत देणे हे क्रियापद सगळीकडे पवित्र आहे असे नाही. शिवी देतात, धक्का देतात, दगाही देतात. तरी जेथे क्रिया एकच आणि भाव दोन असतात, तेथे चांगला भाव दाखविण्यासाठी आपली भाषा पुष्कळदा देण्याकडे वळते, एवढे खास.

वहीतील देणे

इटलीने या क्रियापदाला एक नवे घर बांधून दिले. ते म्हणजे हिशेबाची वही. १४९४ साली व्हेनिस येथे लुका पाचोली या फ्रान्सिस्कन साधूचा गणितावरील मोठा ग्रंथ छापला गेला. त्यात व्हेनिसच्या व्यापाऱ्यांच्या दुहेरी नोंदीच्या पद्धतीचे विवेचन आहे. ही पद्धत पाचोलीने शोधली नाही. व्यापाऱ्यांत ती आधीपासून रूढ होती. त्याने ती छापून जगासमोर ठेवली. त्या पद्धतीत प्रत्येकाच्या खात्यास दोन बाजू. एका बाजूस, अमुक माणसाने ‘द्यावयाचे आहे’. दुसऱ्या बाजूस, त्याला ‘मिळावयाचे आहे’. कालांतराने लांब वाक्ये गळून पडली आणि दोन क्रियापदे तेवढी मथळ्यावर उरली : दारे आणि आवेरे. आजही इटालियन हिशेबनीस या शब्दांना नामे म्हणूनच वापरतो. बोलताना जे औदार्य असते, तेच क्रियापद वहीत उतरले की कर्ज होते.

मराठीतही हेच घडले. ‘देणे’ हे क्रियापद उदार आहे. ‘देणे’ हे नाम ऋणी आहे. कर्ण देतो ते दान. कुळ देतो ते देणे. दुकानाच्या वहीत देणे आणि येणे समोरासमोर बसतात. इटालियनाने ‘असणे, मिळणे’ असा शब्द दुसऱ्या बाजूस घातला. आपण ‘येणे’ घातला. त्यात एक प्रकारचा आशावाद आहे, येईल तेव्हा खरे! पाचोलीने वहीच्या आरंभी देवाचे नाव व पवित्र चिन्ह घालावे असे सांगितले आहे. आपण वहीच्या माथ्यावर ‘श्री’ लिहितो. देवाचे स्मरण करून मग पैशाला हात घालावा, ही बुद्धी दोन्हीकडे सारखीच.

गोव्यात पोर्तुगीज अमदानीत हिशेबाची तिसरी भाषा आली. त्यांच्या वहीत कर्जाच्या बाजूस ‘देव’ हा शब्द असे आणि दुसऱ्या बाजूस ‘आव्हेर’. पोर्तुगीज ‘देव’ म्हणजे ‘देणे लागतो’. आपल्या देव शब्दाशी त्याचा काडीचा संबंध नाही. परंतु देवस्थानाचा हिशेब ठेवणाऱ्या एखाद्या जुन्या कारकुनाने तो शब्द उच्चारला असेल तेव्हा त्याला गंमत वाटली असेल, की देवाचाच हिशेब आणि कर्जाच्या बाजूलाच देव!

देवस्थानांचे हिशेब सरकारी नजरेखाली येण्यास मोठे कारण झाले ते १८८६ चे महाजनविषयक नियम आणि त्यानंतरचे १९३३ चे देवस्थानविषयक नियम. महाजनांची नोंद, समितीची निवड, अंदाजपत्रक, जमाखर्च या सर्वांना त्यांनी चौकट घातली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावरही या नियमांचा अंमल चालू राहिला. परक्या सत्तेने देवाच्या घरात डोकावावे, याची खंत असणारे होते आणि आहेत. तथापि वही लिहिली गेली पाहिजे हा आग्रह परका नाही. तो देण्याच्या स्वभावातच आहे. जे दिले गेले ते कोणाच्या हाती गेले आणि कशासाठी गेले हे लिहिल्यावाचून देणे पुरे होत नाही.

देवापुढील भाषा

आता वही मिटून गाभाऱ्यासमोर उभे राहू. तेथे आपली माणसे कोणती क्रियापदे वापरतात, हे लक्षपूर्वक ऐकले तर एक नियम हाती लागतो. फूल देवाला वाहतात. नारळ ठेवतात. नैवेद्य दाखवतात. दिवा लावतात. देवीची ओटी भरतात. गाऱ्हाणे घालतात. नवस फेडतात. या सगळ्यांत माणूस काहीतरी करीत आहे, त्याच्या हातून काहीतरी जात आहे. पण ‘देणे’ हे क्रियापद मात्र तो टाळतो. “मी देवाला फूल दिले” असे लहान मूल म्हणेल, आजी लगेच सांगेल, “दिले नव्हे रे, वाहिले म्हण.”

मग देणे कोठे गेले? ते देवाकडे गेले. देव कौल देतो. उजवी पाकळी पडली की देवाने प्रसाद दिला. देव दर्शन देतो, दृष्टांत देतो, वर देतो, आशीर्वाद देतो, बुद्धी देतो. देवळाच्या भाषेत देण्याचा कर्ता देव आहे. अर्घ्य देणे, आहुती देणे, बळी देणे असे काही प्रयोग आहेत, हे आम्ही विसरलो नाही; त्यांतील अर्घ्य आणि आहुती वैदिक विधीबरोबर आल्या आणि बळीची रीत निराळी आहे. परंतु रोजच्या घरगुती भक्तीची भाषा वरच्यासारखीच आहे. माणसाने देवळात ‘दिले’ असे म्हणावयाचे असेल तर ते देवाला नव्हे, देवस्थानाला : वर्गणी दिली, देणगी दिली, जमीन लावून दिली. देवापुढे वाहावयाचे, देवस्थानास द्यावयाचे. पहिल्याची नोंद कोणी ठेवीत नाही. दुसऱ्याची ठेवलीच पाहिजे.

प्राचीन रोमची रीत याहून निराळी होती. रोमन भक्त देवाला वस्तू अर्पण करी तेव्हा शिळेवर सरळ ‘देणगी दिली’ असे कोरी. रोमन कायद्यातील एक सूत्रच असे, की मी देतो ते तू द्यावेस म्हणून. आणि रोमन भक्ताचा देवाशी व्यवहारही त्याच रीतीचा होता, असे पंडित सांगतात. आपल्या यजुर्वेदातही यजमान आणि देव यांच्यातील अशी रोखठोक देवघेव आढळते. म्हणून केवळ रोमनांस हसण्याचे कारण नाही. पण पुढच्या काळात आपल्या भक्तीने देण्याचा हक्क माणसाकडून काढून देवाच्या स्वाधीन केला आणि आपल्याकडे वाहणे तेवढे ठेवले. पाणी वाहते त्यात पाण्याचा अहंकार नसतो.

तरी नवसाच्या बाबतीत रोम आणि कोरगाव अगदी शेजारी येतात. रोमन साम्राज्यात ठिकठिकाणी सापडणाऱ्या नवसाच्या शिळांवर चार अक्षरे कोरलेली असतात; त्यांचा विस्तार असा, ‘नवस फेडला, आनंदाने आणि योग्य म्हणून’. त्यात फेडण्यासाठी जे लॅटिन क्रियापद आहे, सोल्वेरे, त्याचा मूळ अर्थ सोडविणे, गाठ मोकळी करणे. आणि दुसरा अर्थ कर्ज चुकते करणे. आता आपले फेडणे पाहा. धोतर फेडतात म्हणजे सोडतात, ऋण फेडतात म्हणजे चुकते करतात, नवस फेडतात. दोन क्रियापदांचे धातू वेगळे, देश वेगळे, दैवते वेगळी. परंतु माणसाला दोन्हीकडे एकच कळले, की कर्ज ही गाठ आहे आणि ते चुकते झाले म्हणजे माणूस मोकळा होतो. नवस ‘देतात’ असे न म्हणता ‘फेडतात’ असे म्हटल्याने आपली भाषा हे कबूल करते, की देवाने आधीच दिलेले आहे. आपण परतफेड करीत आहोत.

स्वाधीन करणे

एवढे पाहिल्यावर जुन्या दानपत्रांतील कठोरपणाचे मर्म उलगडते. शिलाहार, कदंब आदी राजांनी देवांना व ब्राह्मणांना जमिनी दिल्या तेव्हा ताम्रपटाच्या शेवटी शापवचने घातली. आपण दिलेली असो वा दुसऱ्याने दिलेली असो, दान केलेली भूमी जो हिरावून घेईल तो साठ हजार वर्षे विष्ठेतील किडा होईल, असा त्यांतील एका प्रसिद्ध श्लोकाचा आशय आहे. ज्यांना संस्कृत वाचता येत नसे त्यांच्यासाठी कोकणात व गोव्यात गधेगाळीचे दगड रोवले जात. त्यावरील चित्र पाहून निरक्षरालाही जरब बसे. दान दिले की दात्याचा अधिकार संपला, परंतु येणाऱ्या पिढ्यांचे कर्तव्य सुरू झाले, हा त्याचा अर्थ. दत्त भूमी ही घेणाऱ्याच्या माथ्यावरचे देणे होते.

या कसोटीवर गोव्याचा एक कागद तपासून पाहण्यासारखा आहे. तिसवाडी बेटावरील देवळे १५४० च्या सुमारास पाडली गेली आणि १५४१ मध्ये तेथील गावकरांनी त्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती धर्मकार्यासाठी देण्यास संमती दिली, असे कागदोपत्री नोंदविण्यात आले. कागदावर क्रियापद देण्याचेच आहे. पण ज्याचे देऊळ आधीच पाडले आहे त्याने दिले म्हणजे काय? व्याकरणाने तो कर्ता ठरतो, न्यायाने नव्हे. त्या गावकरांना दोष देण्याचे धाडस आम्ही करणार नाही. त्यांच्यासारख्याच लोकांपैकी कित्येकांनी आपली दैवते रातोरात नदीपलीकडे नेली आणि फोंडे, डिचोली या बाजूंस पुन्हा स्थापिली. हातून काय गेले आणि हाती काय राखले, या दोन्ही गोष्टी त्या पिढीच्या नावे लिहिल्या पाहिजेत.

येथे लॅटिन भाषा एक भेदक साक्ष देते. ‘पलीकडे देणे’, म्हणजे एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती सोपविणे, याला लॅटिनमध्ये त्रादेरे म्हणतात. त्यापासून इटालियनमध्ये दोन शब्द निघाले. एक त्रादित्सिओने, म्हणजे परंपरा. दुसरा त्रादिरे, म्हणजे विश्वासघात करणे. धातू एक, उपसर्ग एक. सोपविणे आपल्या वारसास घडले तर परंपरा आणि शत्रूस घडले तर फितुरी. संस्कृतने त्याच ‘दा’ धातूला ‘सम्’ आणि ‘प्र’ हे उपसर्ग लावून संप्रदाय हा शब्द केला; त्याचाही मूळ अर्थ नीटपणे सोपवून देणे असाच आहे. फितुरीचा अर्थ आपल्या शब्दाला कधी चिकटला नाही. परंतु शब्दाला चिकटला नाही म्हणून आचरणातही तो कधी येणार नाही, अशी हमी कोणी द्यावी?

आम्ही हे कोणा एका देवस्थानाविषयी लिहीत नाही. परंतु मोपा येथील विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून पेडणे महालात जमिनीचा विषय निघाला, की पुढचा शब्द दर हाच असतो. अशा काळात देवाच्या नावे असलेल्या प्रत्येक तुकड्याचा कागद कोठे आहे, तो कोणत्या लिपीत आहे आणि तो वाचणारे किती उरले आहेत, हे प्रश्न नुसत्या विद्वत्तेचे राहत नाहीत. घरोघरी जुन्या मोडीतील वह्या आहेत; काही फडताळांत पोर्तुगीज भाषेतील दप्तरे आहेत. ती दिली कोणी हे ठाऊक असूनही ती वाचू शकणारा वारस तयार केला नाही, तर सोपविण्याची क्रिया अर्धवट राहिली असे म्हणावे लागेल. संगमरवरावर देणगीदारांची नावे कोरून घेण्याची हौस आपल्यात वाढली आहे. त्यात फार वाईट असे काही नाही. रोमन लोकही तेच करीत. पण एका नावाच्या पाटीला जेवढा खर्च येतो, तेवढ्यात जुन्या वहीची काही पाने तरी नीट उतरवून घेता येतील आणि तरुण मुलांना मोडी शिकविण्याचा एखादा वर्गही देवळाच्या सभामंडपात भरविता येईल. असे ज्या गावी होईल, त्या गावाने देवाचे देणे दोन्ही अर्थांनी ओळखले असे आम्ही समजू.

त्या जहाजावरील तरुणास आता पुरे उत्तर देता येते. इटालियन ‘दारे’ तुला घरचे वाटले, कारण ते घरचेच आहे. फक्त ते घर फार जुने आहे आणि त्याच्या भिंती कोरगावापासून रोमपर्यंत पसरल्या आहेत. तू परक्या बंदरात जे मिळवितोस त्यातले काही गावास देशील; ती देणगी म्हणून वहीत लिहिली जाईल आणि तसे लिहिणे योग्यच आहे. परंतु ज्या दिवशी तू कमळेश्वरासमोर येऊन नारळ ठेवशील, त्या दिवशी ‘दिले’ म्हणू नकोस. ‘ठेवला’ म्हण. देण्याचे काम तेथे दुसऱ्या कोणाचे आहे, आणि ते त्याने तुझ्या-आमच्या आधीच केले आहे.